उथळ पाण्यातला बाप

जूनचा मध्य होता, शाळा नुकत्याच संपल्या होत्या, आणि अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या एका लहानशा तळ्याच्या उथळ कोपऱ्यात मी हळूहळू वल्ही मारत होते. बोटीत माझी नऊ वर्षांची लेक आणि मैत्रिणीची दोन मुलं. थोरला बारा वर्षांचा, धाकटा सहा. तिघांनाही बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा पकडायचा होता आणि तिघांच्याही गळाला तो अजून लागला नव्हता. पाण्यावरची चमक घालवणारा पोलराइज्ड चष्मा आमच्याकडे एकच, त्यामुळे पाळ्या लावलेल्या. लेकीची पाळी होती, म्हणून ती बोटीच्या टोकाशी पालथी पडून पाण्यात बघत होती. "आई, खाली कुणीतरी झाडून घेतलंय," ती म्हणाली. खरंच, दोन-अडीच फूट पाण्याखाली गाळ बाजूला सारून वाळू-खडे उघडे केलेली एक गोल जागा होती, आणि तिच्या बरोबर वर एक हिरवट-काळा मासा. तो कुठे जात नव्हता, नुसते पर हलवत होता. मी काही बोलायच्या आत थोरल्याने रबरी किडा टाकला आणि तो नेमका त्या गोलात जाऊन बसला. मासा वळला, डोकं खाली केलं, किड्याचं टोक ओठांत धरून हातभर लांब नेलं आणि सोडून दिलं. लगेच परत आपल्या जागेवर. "लागला, लागला!" म्हणत थोरल्याने रॉड ओढला तर गळ रिकामाच वर आला. लेकीने मान वर केली नाही. "तो खात नाहीये," ती म्हणाली. "उचलून बाहेर टाकतोय. त्याला भूकच नाहीये." मग जरा वेळाने, "आई, भूक नसलेल्याला आपण कशासाठी पकडायचं?"

मी बोट वळवली.

"पकडून सोडूनच देणार आहोत ना," हे उत्तर जिभेवर आलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. मिशिगनमध्ये बास पकडून तिथल्या तिथे सोडून द्यायला वर्षभर परवानगी आहे. मासा घरी न्यायचा असेल तर मात्र मेमोरियल डेच्या, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या सुट्टीच्या, आधीच्या शनिवारपर्यंत थांबावं लागतं, आणि तो शनिवार तर केव्हाच होऊन गेला होता. म्हणजे नियमाच्या बाजूने थोरल्याचं सगळं बरोबर होतं. पण लेकीने नियम विचारलाच नव्हता. तिने डोळ्यांसमोर जे घडलं ते बघितलं होतं, आणि मी इतकी वर्षं गळ टाकत असूनही ते इतक्या जवळून, इतक्या नीट बघितलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही पलीकडच्या काठाला कमळाच्या पानांशी गेलो, मुलांना ब्लूगिल नावाचे छोटे मासे मिळाले, डबे उघडले, हसणं-खिदळणं झालं. प्रश्न मात्र घरी आला आणि बरेच दिवस राहिला.

त्या गोल जागेची गोष्ट अशी. पाणी साधारण पंधरा अंश सेल्सिअसच्या वर गेलं की लार्जमाउथ जातीच्या बासचा नर उथळात येतो आणि शेपटीने तळ झाडून घरटं करतो. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. मागे राहतो तो नर. तो अंड्यांवर परांनी पाणी खेळतं ठेवतो, म्हणजे त्यांना प्राणवायू मिळतो आणि त्यांच्यावर गाळ बसत नाही. काही दिवसांत पिल्लं बाहेर येतात. मग ती घरट्यावर काळसर पुंजक्याने तरंगू लागतात आणि हा त्यांच्याभोवती फेऱ्या मारत राहतो. या सगळ्या काळात तो धड खात नाही. जवळ येईल त्याला हुसकावतो, आणि जे आपणहून जात नाही ते तोंडात धरून बाहेर नेऊन टाकतो. त्याचं तोंड हाच त्याचा हात. थोरल्याचा रबरी किडा त्याने हाताने उचलून दाराबाहेर ठेवला होता, आणि आपण त्याला चावा म्हणतो. या दिवसांत घरट्यावरचा नर पकडणं किती सोपं असतं हे बास पकडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तो पळून जात नाही, जाऊच शकत नाही. दुसऱ्यांदा टाका, तिसऱ्यांदा टाका, कधीतरी गळाचं टोक ओठात रुततंच. आणि तो वर बोटीत येतो तेव्हा खाली काय होतं? आसपास घुटमळणारे ब्लूगिल घरट्यात शिरतात. त्यांना त्यासाठी फार वेळ लागत नाही.

मला मासेमारी शिकवली आमच्या शेजारच्या आजोबांनी. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला कमी. मी या देशात नवी होते, इथल्या लांबलचक उन्हाळी संध्याकाळचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. एके दिवशी त्यांनी कुंपणावरून एक जुनं, बटण दाबायचं रीळ लावलेला रॉड माझ्या हातात दिला आणि म्हणाले, मासे नंतर, आधी गवत. महिनाभर मी त्यांच्या हिरवळीवर गळाऐवजी प्लास्टिकचं वजन बांधून पालथ्या बादलीवर नेम धरत होते. तेच रीळ आता धाकट्याच्या हातात आहे. या बंद तोंडाच्या रिळाचा इतिहास मुलांना फार आवडतो. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात तेलविहिरींसाठी टाइमबाँब बनवणारी एक कंपनी होती, झीरो अवर बाँब कंपनी. तिच्याकडे टेक्सासचा एक घड्याळजी, आर. डी. हल, रिळाची कल्पना घेऊन आला. दुकानातला माणूस पुड्याला दोरा बांधताना दोऱ्याच्या गुंडाळीच्या टोकावरून दोरा ओढतो, गुंडाळी मात्र जागची हलत नाही, हे बघून त्याला ते सुचलं असं सांगतात. १९४९ मध्ये बाँबच्या कारखान्यातून रिळं बाहेर पडू लागली आणि कंपनीच्या नावातली आद्याक्षरं जोडून झेब्को हे नाव पुढे आलं. त्याआधीच्या रिळावर अंगठ्याचा दाब जरा चुकला की दोऱ्याचा गुंता ठरलेला. या रिळात दोरा झाकणाखाली बसतो. बटण दाबायचं, रॉड मागे न्यायचा, पुढे आणताना बटण सोडायचं. सहा वर्षांच्या पोराला हे जमतं, आणि जमलं की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासाठी मी पहाटे चारला उठायला तयार असते.

मुलांनाही मी आधी गवतावरच उभं करते. डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, आणि टाकण्याआधी मागे वळून बघायचं, हे तिथेच अंगवळणी पडतं. सगळ्या गळांचे उलटे काटे मी पकडीने दाबून सपाट करून टाकते. मासा त्यामुळे कधीकधी सुटतो, पण गळ माशाच्या ओठातून निघायला सोपा जातो, आणि मुलांच्या बोटातून निघायलाही. गाठ मात्र ज्याची त्याने बांधायची. दोरा गळाच्या नेढ्यातून घालून त्याच्याच भोवती पाच-सहा वेढे, टोक पहिल्या फासातून, मग मोठ्या फासातून, आणि आवळण्याआधी थुंकीने ओलं. कोरडी गाठ आवळताना दोरा घासून तापतो आणि तिथेच कमकुवत होतो. हे थुंकणं धाकट्याला इतकं पसंत पडलं की तो सगळ्यांच्या गाठींवर थुंकायला तयार. बोटीवर लाइफ जॅकेट. मिशिगनच्या कायद्याने उघड्या डेकवर सहा वर्षांखालच्या मुलांना ते सक्तीचं आहे. आमच्या बोटीत वय विचारलं जात नाही, मीही घालते.

बास शिकवायचा तर सुरुवात ब्लूगिलने करावी, असं माझं ठाम मत आहे. मोठी माणसं इथे फार घाई करतात. पोराच्या हातात महागडा रॉड देतात, खोट्या आमिषांची पेटी उघडतात आणि दोन तास काहीच लागलं नाही की म्हणतात, धीर धरायला शीक. नवख्या पोराला धीर कशाच्या जोरावर धरता येईल? पाण्याखाली कुणीतरी आहे हे आधी त्याच्या हाताला कळायला हवं. धक्क्याच्या सावलीत, बारीक गळाला नखाएवढा गांडुळाचा तुकडा लावून लाल-पांढरा बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, टाकला की मिनिटभरात तो थरथरतो. धाकट्याचा पहिला मासा तसाच आला. तळहाताएवढा, पोट केशरी, कल्ल्यामागे तो काळा ठिपका, आणि पाठीवरचा पर काट्यांसकट ताठ उभारलेला. मी त्याला दाखवलं, ओल्या हाताने डोक्याकडून शेपटीकडे हळूच चोळत न्यायचं, म्हणजे काटे मिटतात. हात ओला का, तर माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो रोगांपासून त्याचं रक्षण करतो, कोरड्या हाताला तो पुसून येतो. धाकट्याने हात पाण्यात बुडवला, मासा धरला, आणि एकदम गप्प झाला. "मावशी, हा आतून धडधडतोय," तो म्हणाला. नंतर दिवसभर तो हात त्याने धुतला नाही. अधूनमधून हुंगत बसला होता.

हाच ब्लूगिल घरट्यातली अंडी खातो हे मी त्या जूनच्या सकाळनंतर मुलांना सांगितलं, तेव्हा धाकट्याला ते मुळीच आवडलं नाही. आपला मासा चोर निघाला याचं त्याला वाईट वाटलं. ब्लूगिल आणि बास एकाच कुळातले, सनफिश कुळातले, हे कळल्यावर तर गोंधळ वाढला. मी म्हटलं, ब्लूगिलचा नरही घरटं करतो, तोही आपल्या अंड्यांवर पहारा देतो. आणि मोठा बास ब्लूगिल खातो. धाकट्याने बोटांवर हिशोब केला. हा त्याची अंडी खातो, तो याला खातो, दोघंही आपापली पिल्लं सांभाळतात. "मग चांगलं कोण?" त्याने विचारलं. थोरला म्हणाला, "कुणीच नाही. ते मासे आहेत." लेक म्हणाली, "दोघंही." मी वल्ही मारत राहिले. असल्या वेळी मोठ्या माणसाने निकाल देऊ नये असं मला वाटतं.

"त्याला दुखतं का?" हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं, आणि "नाही, माशांना दुखत नाही" हे उत्तर मी देत नाही. मी लहान असते आणि कुणी मला तसं सांगितलं असतं, तर गळाला लागलेल्या माशाची धडपड बघून मी त्या माणसावर पुन्हा विश्वास ठेवला नसता. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट जातीच्या माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसिटिक ॲसिड टोचून बघितलं. त्या माशांनी बराच वेळ खाणं टाकलं, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. इजा ओळखणाऱ्या नसा त्यांच्या डोक्यात असतात हेही त्यांनी दाखवलं. माशाला जे होतं ते आपल्या दुखण्यासारखंच असतं का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. मुलांना मी एवढंच सांगते, त्याला त्रास होतो, म्हणून आपण जे करायचं ते पटकन आणि नीट करायचं, आणि ज्याला ते नको असेल त्याने करू नये. एका उन्हाळ्यात आलेली एक मुलगी दिवसभर नुसती जाळी धरून बसली होती. ती पुन्हा आली, पुन्हा जाळीच धरली. तिच्याइतकी हलक्या हाताने मासा पाण्याबाहेर घेणारी दुसरी कुणी मी पाहिली नाही.

रेकॉर्डच्या गोष्टी थोरल्याला तोंडपाठ. जॉर्ज पेरी नावाच्या विशीच्या शेतकऱ्याने २ जून १९३२ रोजी जॉर्जियातल्या माँटगोमेरी लेकमध्ये २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा बास पकडला. मंदीचे दिवस, पावसाने नांगरणी थांबलेली, म्हणून तो मासे पकडायला गेला होता. ७७ वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी अगदी औंसभर जास्त वजनाचा बास काढला. तेवढ्या फरकाने जुना विक्रम मोडत नाही, म्हणून दोघांची बरोबरी धरली जाते. या गोष्टीत थोरल्याला जिंकणं-हरणं दिसतं. लेकीला त्यातलं वेगळंच लक्षात राहिलं. पेरीने तो मासा घरी नेला आणि घरच्यांनी तो खाल्ला. "त्यांना भूक होती," ती म्हणाली. तिच्या हिशोबात पेरी सुटला. मी तिला सांगितलं, एवढा प्रचंड बास म्हणजे बहुतेक मादीच असते. नर त्यामानाने लहानच राहतात. तर म्हणाली, "म्हणजे उथळ पाण्यातला तो छोटा होता तो बाप."

पकडून सोडायची आताची पद्धतही फार जुनी नाही. बासच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये आपल्या स्पर्धांत मासे जिवंत सोडायचा प्रघात पाडला, त्याआधी स्पर्धेतले मासे दोरीला ओवून आणायचे. सोडणं मला प्रिय आहे. पण सोडलं म्हणजे सगळं भरून निघालं, असं मी मुलांना सांगू शकत नाही, विशेषतः घरट्यावरच्या नराच्या बाबतीत. इलिनॉयमधल्या रिज लेक या छोट्या तळ्यावर संशोधकांनी वर्षानुवर्षं बासची नोंद ठेवली. सहज गळाला लागणारे आणि सहसा न लागणारे वेगळे केले, त्यांच्या पिढ्या वाढवल्या. गळाला लागण्याचा स्वभाव आईबापांकडून पिल्लांत उतरतो असं २००९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं. २०१२ च्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गळाला पटकन लागणारे नर घरटं जास्त जोमाने राखणारे, पिल्लांची जास्त काळजी घेणारे होते. म्हणजे आपल्या गळाला आधी लागतो तो चांगला बाप. हे वाचलं त्या रात्री मी लेकीच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसले होते. ती झोपली होती. भूकच नाहीये त्याला, हे तिने बोटीच्या टोकाशी पालथं पडून पाच मिनिटांत ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिघांना हे सगळं सांगितलं, मुलांना कळेल अशा भाषेत, पण काही न लपवता. सीमेपलीकडे कॅनडातल्या ओंटारियोच्या दक्षिण भागात बऱ्याच ठिकाणी जून बराच सरेपर्यंत बासचा हंगाम उघडतच नाही, तो कशासाठी, तेही सांगितलं. थोरल्याला ते पटलं नाही. त्याने चटकन विचारलं, "सोडल्यावर तो घरट्यावर परत जातो ना?" जातो, बहुतेक वेळा जातो, पण दमलेला असतो, आणि मधला वेळ घरटं उघडं असतं. लेकीने विचारलं, "आणि पिल्लं मोठी झाली की?" इथे मला जरा थांबावं लागलं, कारण उत्तर गोड नव्हतं. काही आठवड्यांनी पिल्लं पांगतात, नर पहारा सोडतो, आणि मग तोंडात मावेल ते लहान मासे तो खातो. त्यात त्याची स्वतःची पिल्लंही असू शकतात. धाकटा "ईई" म्हणाला. लेक बराच वेळ विचार करत होती. शेवटी म्हणाली, "मग त्याचं काम संपेपर्यंत थांबू. नंतर पकडू." त्यात हळवेपणा नव्हता. तिने एक तारीख मागितली होती. आम्ही चार जुलै ठरवली. त्याआधी घरट्यावर गळ टाकायचा नाही, आमच्या बोटीपुरता हा नियम.

जुलैमध्ये तळं वेगळंच असतं. दुपारी पाणी तापतं, बास खोल जातो किंवा धक्क्याच्या सावलीत आणि पाणवेलींच्या कडेला दबा धरून बसतो. तेव्हा पोरांना उन्हात भाजत ठेवण्यात अर्थ नसतो. पहाटे जावं, नाहीतर सूर्य झाडांच्या मागे गेल्यावर. अशाच एका संध्याकाळी थोरल्याने कमळाच्या पानांच्या कडेला रबरी किडा टाकला, गळाचं टोक किड्याच्या अंगातच लपवलेला, म्हणजे वेलींत अडकत नाही. मी सांगितलं होतं, टाकलास की काही करू नकोस, तो आपल्या वजनाने बुडू दे, फक्त दोरा बघ. बासचा फटका बऱ्याचदा हाताला कळतच नाही, कारण तो आमिषाचा लचका तोडत नाही. तोंड झटकन उघडतो आणि पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो. दोरा एक क्षण सैल पडला आणि मग आडवा, पानांच्या खाली सरकू लागला. थोरल्याने या वेळी आरडाओरडा केला नाही. रीळ फिरवून दोरा ताणून घेतला आणि रॉड वर उचलला. पाणी फुटलं. बास पूर्ण बाहेर आला, जबडा उघडा टाकून डोकं गदागदा हलवत, आणि त्याचे लाल झालेले कल्ले आम्हा सगळ्यांना दिसले. धाकटा उभा राहिला, मी त्याला जॅकेटच्या पट्ट्याला धरून खाली बसवला. रॉड वाकून पाण्याला टेकला. "दोरा ढिला सोडू नको, पण ओढूही नको, तो जाईल तिकडे जाऊ दे," मी म्हणत होते, आणि माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

बोटीजवळ आल्यावर त्याने हात ओला केला, अंगठा माशाच्या खालच्या जबड्यात घातला. बासला दात असतात, पण ते इतके बारीक की अंगठ्यावर पॉलिश पेपर घासल्यासारखं खरखरीत वाटतं, रक्त येत नाही. दुसरा हात पोटाखाली, म्हणजे सगळं वजन जबड्यावर लटकत नाही. धाकट्याने ताबडतोब जाहीर केलं, हा घरी न्यायचा आणि तळायचा. मला त्यात गैर काही वाटलं नाही. पोराने पकडलेला मासा पोराने खावा, आणि माशांत पारा साठतो तो मोठ्या, म्हाताऱ्या बासमध्ये जास्त, हा तर तरुण होता. मोजपट्टी काढली. मिशिगनमध्ये घरी न्यायचा बास किमान चौदा इंचांचा लागतो. हा साडेतेरा भरला. शेपटी चिमटीत धरून मोजली तरी चौदा होईनात. धाकटा म्हणाला, "अर्धाच इंच तर कमी आहे." थोरला काहीच बोलला नाही, पण त्याने पट्टीवरचा माशाचा ओठ रेषेवर परत नीट बसवून बघितला, अगदी मनापासून आशेने. उत्तरेच्या गार तळ्यांत एवढं व्हायला बासची पाच-सहा वर्षं जातात. मी धाकट्याला म्हटलं, हा जवळजवळ तुझ्याच वयाचा आहे. त्याने माशाकडे बघितलं, मग पट्टीकडे, आणि तळण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. थोरल्याने मासा पाण्यात आडवा धरला. तो स्वतःहून जोर करेपर्यंत सोडायचं नसतं. शेपटीचा एक फटका थोरल्याच्या तोंडावर पाणी उडवून गेला. त्याने ते पुसलं नाही.

परत येताना त्याने मासेमारीच्या लायसन्सची चौकशी केली. मिशिगनमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही, म्हणजे अजून बराच काळ त्याचं फुकटात चालणार आहे. माझं मी दर वर्षी काढते, आणि ते पैसे मला कधी जड वाटले नाहीत. रॉड-रिळांवरचा केंद्राचा करही १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यापासून राज्यांकडे माशांच्या आणि तळ्यांच्या कामासाठी जातो. त्यातले डिंगेल इथले, मिशिगनचेच. थोरल्याला त्यात रस नव्हता. त्याला एवढंच हवं होतं की मोठा झाल्यावर तो जूनमध्ये घरट्यांवर जाणार, आणि त्याला कुणी अडवू शकणार नाही.

"मी अडवीन," लेक म्हणाली.

गाडीत मग तोच वाद, आणि तो अजून मिटलेला नाही. थोरल्याचं म्हणणं, पटकन सोडला तर काही बिघडत नाही. लेक विचारते, पटकन म्हणजे किती? अर्धा मिनिट? एक मिनिट? तेवढ्यात ब्लूगिल शिरले तर? थोरला म्हणतो, नर एरवीही एखाद्याचा पाठलाग करत लांब जातच असेल की, तेव्हा काय होतं? हा मुद्दा लेकीला खोडता आला नाही, मलाही नाही. म्हणून पुढच्या जूनचा बेत ठरला आहे. रॉड घरी ठेवायचे, बोट उथळात नांगरायची, आणि नर घरटं सोडून आपणहून किती वेळ लांब राहतो ते मोजायचं. पोलराइज्ड चष्मे आणखी दोन घेतले आहेत. वही लेकीकडे, ब्लूगिल मोजायचं काम थोरल्याकडे. घड्याळ कुणी धरायचं यावरून धाकट्याने आत्तापासूनच भांडण काढलं आहे.